ला मोता : गावाच्या उशाशी उभा, गावावर रोखलेला

१५०३ सालचा नोव्हेंबर. स्पेनमधल्या मेदिना देल काम्पो या गावच्या किल्ल्यात इसाबेल राणीची मुलगी हुआना राहत होती. नवरा फिलिप दूर फ्लँडर्समध्ये, मार्चमध्ये जन्मलेला मुलगा अजून वर्षाचाही नाही, आणि फ्रान्सशी लढाई चालू असल्याने खुष्कीची वाट धोक्याची. तरीही हुआनाने निघायचं ठरवलं. तिला थांबवण्याचं काम बिशप हुआन रोद्रिगेस दे फोन्सेका याच्याकडे होतं. त्याने किल्ल्याचा दरवाजा बंद करायला लावला. हुआना माघारी आपल्या दालनात जायला तयार होईना. मेसेता पठारावरच्या त्या बोचऱ्या थंडीत ती बाहेरच्या तटाशी, पहारेकऱ्यांच्या जागेत ठाण मांडून राहिली. शेवटी आजारी इसाबेल स्वतः सेगोवियाहून आली आणि मुलीला आत घेऊन गेली.

हा प्रसंग बहुतेक ठिकाणी हुआनाच्या ‘वेडा’चा पुरावा म्हणून सांगितला जातो. मला तो किल्ल्याविषयी जास्त काही सांगतो असं वाटतं. खंदक, पूल, दुहेरी तट, तोफांच्या जंग्या हा सगळा पसारा त्या दिवशी बाहेरच्या शत्रूसाठी वापरला गेला नाही. आतल्या माणसाला बाहेर पडू न देण्यासाठी तो वापरला गेला. आणि ला मोता नावाच्या या किल्ल्याचा चारएकशे वर्षांचा इतिहास उलगडला तर हे त्या दिवसापुरतं नव्हतं, हे दिसतं. किल्ला गावाचं रक्षण करतो असं आपण सहज धरून चालतो. इथे किल्ला आणि गाव एकमेकांकडे डोळे वटारून उभे होते. त्या वैराच्या खुणा विटांमध्ये आहेत. हे प्रकरण वाचायचं ते त्या विटांवरून.

पांढरीचं टेकाड

मेदिना देल काम्पो हे वायादोलिद प्रांतातलं बाजाराचं गाव. नावातला ‘मेदिना’ म्हणजे अरबी ‘मदिना’च, नगर. ‘देल काम्पो’ म्हणजे मैदानातलं, शेतशिवारातलं. चारी बाजूंना गव्हाची सपाट राने, मधून सापार्दिएल नावाची लहानशी नदी. अशा सपाटीत जरा उंच जागा म्हणजे सोनंच. ‘मोता’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थही तोच, टेकाड.

हे टेकाड पूर्णपणे निसर्गाने घडवलेलं नाही. तिथे लोहयुगातली वस्ती होती. मातीच्या घरांवर मातीची घरं पडत आणि उभी राहत गेली. महाराष्ट्रातल्या गावाबाहेरची पांढर पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. किल्ल्याच्या पोटात आज त्या वस्तीचे थर उघडे करून दाखवले आहेत.

मुसलमानी सत्ता दक्षिणेकडे हटल्यावर, अकराव्या शतकाच्या अखेरीपासून, या टेकाडावर पुन्हा गाव वसलं. त्याला तट घातला. हा पहिला तट विटांचा नाही. लाकडी साच्यात चुना, माती आणि नदीतले गोटे थराथराने ठोकून उभी केलेली ती जाड भिंत आहे. आज किल्ल्याची एक बाजू तीच भिंत पेलते आहे. लालसर, रेखीव विटांच्या शेजारी ही करडी, खडबडीत भिंत पाहिली की पाहणाऱ्याला वाटतं, इथे डागडुजी राहून गेली असावी. खरं म्हणजे सगळ्यात जुना भाग तोच. आणि तो किल्ल्याचा नाही, गावाचा आहे. पुढच्या साऱ्या भांडणाचं मूळ इथे दिसतं: आधी टेकाडावर गाव होतं, तट गावाचा होता. बाजार वाढला तसं गाव खाली उतरून नदीपलीकडे, मोठ्या चौकाभोवती पसरलं. वरची जागा रिकामी होत गेली, आणि रिकाम्या झालेल्या उंच जागेवर राजाने आपला किल्ला उठवला. गावाचाच तट वापरून.

बाजार, राजे आणि किल्लेदार

हे गाव सगळ्यांना का हवं होतं? बाजारामुळे. चौदाव्या शतकाच्या अखेरीला मेदिना कास्तिया या स्पेनमधल्या तेव्हाच्या मोठ्या राज्याच्या राजघराण्यातल्या फेर्नांदोकडे आलं. हा ‘आंतेकेराचा फेर्नांदो’ म्हणून ओळखला जातो; हाच पुढे शेजारच्या आरागोन राज्याच्या गादीवर बसला. त्याची दोन मुलं, पुढे आरागोनचे राजे झालेले आल्फोन्सो आणि हुआन, याच गावात जन्मली. फेर्नांदोने इथे मोठे बाजार भरवायला सुरुवात केली. पंधराव्या शतकात त्या बाजारांची कीर्ती एवढी वाढली की फ्लँडर्सचं कापड, कास्तियाची लोकर आणि इटालियन सावकारांच्या हुंड्या इथे एकमेकांना भेटू लागल्या. वर्षातून दोनदा भरणाऱ्या बाजारात जुनी देणी मिटत, नवी हुंडी लिहिली जाई.

असं गाव ज्याच्या हाती, त्याच्या हाती पैसा. म्हणून फेर्नांदोच्या मुलांचा आणि कास्तियाचा राजा दुसरा हुआन याचा झगडा मेदिनाभोवती फिरत राहिला. १४४५ साली जवळच्याच ओल्मेदोला लढाई झाली, आरागोनवाले हरले आणि मेदिना कास्तियाच्या राजाकडे पक्कं आलं. टेकाडावरच्या विटांच्या किल्ल्याचं काम याच सुमारास, १४४० च्या दशकात उभं राहू लागलं. हुआनच्या मुलाने, चौथ्या एन्रिकेने, १४६० च्या आसपास मोठा मनोरा चढवला.

त्या मनोऱ्याचं नाव स्पॅनिशमध्ये ‘तोरे देल ओमेनाहे’, म्हणजे शपथेचा मनोरा. किल्लेदाराने राजापुढे निष्ठेची शपथ घ्यायची, त्या शपथेचं नाव ओमेनाहे. आपण बालेकिल्ला म्हणतो तेव्हा उंचीचा, आतल्या जागेचा विचार असतो. तिथल्या माणसांनी आपल्या बालेकिल्ल्याला शपथेचं नाव दिलं. आणि ला मोताचा इतिहास म्हणजे त्या शपथा मोडल्या जाण्याचाच इतिहास आहे.

एन्रिकेने हा किल्ला तोलेदोचा आर्चबिशप आल्फोन्सो कारिओ याच्या स्वाधीन केला. कारिओने किल्ला घेतला आणि पक्ष बदलला. ५ जून १४६५ ला आविला शहराच्या तटाबाहेर बंडखोर सरदारांनी एन्रिकेचा पुतळा सिंहासनावर बसवला, त्याचा मुकुट, तलवार, राजदंड काढून घेतला आणि पुतळा खाली ढकलून त्याच्या अकरा वर्षांच्या सावत्र भावाला राजा म्हणून जाहीर केलं. त्या मंडळींत कारिओ पुढे होता. आता विचित्र स्थिती झाली. खालचं गाव राजाकडे, वरचा किल्ला बंडखोरांकडे. किल्ल्यातली शिबंदी गावाला त्रास देऊ लागली. १४६७ मध्ये एन्रिके मेदिनाच्या मदतीला निघाला तेव्हा वाटेत पुन्हा ओल्मेदोलाच लढाई झाली. एकाच गावापाशी, बावीस वर्षांच्या अंतराने, दोन लढाया; आणि दोन्हींच्या पाठीमागे मेदिना.

यानंतर किल्ला फोन्सेका घराण्याकडे गेला. सेव्हियाचा आर्चबिशप आलोन्सो दे फोन्सेका हा त्या घराण्याचा कर्ता पुरुष. मेदिनापासून फार दूर नसलेल्या कोका गावात त्याने विटांचाच एक देखणा किल्ला उभारायला घेतला होता. १४७३ साली तो वारला आणि मेदिनाच्या लोकांचा संयम संपला. गावकऱ्यांनी आपल्याच गावच्या किल्ल्याला वेढा घातला. त्यांना किल्ला जिंकायचा नव्हता, तो पाडायचा होता. मदतीला त्यांनी आल्बाच्या ड्यूकला बोलावलं. ड्यूक आला, फोन्सेकांना बाहेर काढलं आणि किल्ला स्वतःकडे ठेवून बसला. १४७५ मध्ये नवी राणी इसाबेल हिने तो आपल्या हाती घेतला.

मेदिनाच्या लोकांचं एक जुनं बोधवाक्य आहे. त्याचा भावार्थ असा: इथे ना राजा अधिकारी नेमतो, ना पोप पुजारी. आपल्या नेमणुका आपण करू, असं म्हणणाऱ्या गावाला उशाशी परक्याचा किल्ला कसा सहन व्हावा? १४७३ चा वेढा या वाक्यातून उगवला असं मला वाटतं. इतिहासाच्या पुस्तकांत तो सरदारांच्या कुरघोडीत दोन ओळींत संपतो. मला मात्र या किल्ल्याच्या साऱ्या कहाणीतला तो सगळ्यात मोठा प्रसंग वाटतो, कारण त्यानंतर जे बांधकाम झालं त्याचा अर्थ त्याशिवाय लागत नाही.

परकोट

आता मुख्य गोष्ट. इसाबेल आणि तिचा नवरा फेर्नांदो यांनी १४७९ च्या सुमाराला या किल्ल्याभोवती नवा तट घालायला घेतला आणि १४८३ च्या आसपास तो पुरा झाला. ला मोता वास्तुशास्त्राच्या इतिहासात महत्त्वाचा आहे तो या बाहेरच्या तटामुळे.

काळ लक्षात घ्या. १४७५ ते १४७९ इसाबेलच्या वारसाहक्कासाठी पोर्तुगालशी लढाई झाली. त्या लढाईत तोफा कशा भिंती फोडतात हे राणीच्या माणसांनी जवळून पाहिलं. चौथ्या एन्रिकेचा मनोरा जवळपास ४० मीटर उंच. पाच मजली, चौकोनी, माथ्यावर कोपऱ्यांना जोडीजोडीने चिकटवलेले छोटे बुरूज, आणि त्यांच्यामध्ये बाहेर काढलेले कठडे, ज्यांच्या फटींतून खाली दगड टाकता येत. दिसायला भव्य. मैलोन् मैल सपाट शेतांतून तो दिसतो. पण जे मैलांवरून दिसतं त्यावर मैदानातली तोफ सहज नेम धरते. शिडी लावणाऱ्या शत्रूला उंची अडवते. तोफेला ती निशाण पुरवते. वीस वर्षांत तो मनोरा लढाईच्या दृष्टीने जुना झाला होता.

नव्या तटाची रचना उलटी आहे. तो बुटका आणि जाड आहे. त्याचा बराच भाग खोल कोरड्या खंदकात बुडालेला, म्हणून मैदानात तोफ लावणाऱ्याला त्याची फक्त वरची पट्टी दिसते. पायथ्याशी भिंत बाहेर फुगत जाते, त्यामुळे गोळा काटकोनात बसत नाही. कोपऱ्यांना आणि मधे मधे गोल बुरूज, कारण चौकोनी बुरुजाचा कोपरा तोफेला आधी बळी पडतो आणि त्याच्या पुढ्यात आतल्या माऱ्याला न पोचणारी आंधळी जागा राहते.

आणि खरी करामत भिंतीच्या पोटात आहे. तटाच्या आत दोन पातळ्यांवर भुयारासारखे मार्ग काढलेले आहेत. त्यांच्यातून ठरावीक अंतरावर तोफांच्या आणि बंदुकांच्या जंग्या बाहेर उघडतात. वरच्या रांगेतून लांबचा मारा. खालच्या रांगेतून खंदकाच्या तळावर आडवा मारा. समजा शत्रू खंदकात उतरलाच, तर त्याला दोन्ही बाजूंनी, कमरेच्या उंचीवरून गोळ्या येतील, आणि मारणारा दिसणारही नाही. सुरुंग लावायला कोणी जमीन खणू लागलं तर या खालच्या मार्गांतून त्याची चाहूलही लागे. जंग्यांचं तोंड बहुतेक ठिकाणी क्रूस आणि त्याखाली गोल भोक अशा आकाराचं: उभ्या-आडव्या फटीतून पाहायचं, गोलातून नळी बाहेर. साऱ्या किल्ल्यात दगड जवळजवळ नाही. पण या जंग्यांच्या चौकटी दगडाच्या आहेत, कारण विटेची कड तोफेच्या धक्क्याने झडली असती. बांधणाऱ्याला नेमकं कुठे दगडावर पैसा घालायचा हे कळत होतं.

सोलापूर किंवा परांड्याचा भुईकोट पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे लगेच दुहेरी तटाचं चित्र उभं राहील: खंदक, मग बाहेरचा बुटका तट, मोकळी पट्टी, मग आतला उंच तट. तर्क तोच आहे, बाहेरचा थर मार झेलतो आणि आतला त्याच्या डोक्यावरून मारा करतो. मात्र भिंतीच्या आत दोन मजली मारमार्ग हा प्रकार ला मोताला त्याच्या काळाच्या पुढे नेतो. पुढे १४९७ मध्ये याच राजा-राणीने पिरेनीजच्या पलीकडे साल्सेस इथे किल्ला बांधायला घेतला तेव्हा उंचीचा हट्ट जवळजवळ सोडूनच दिला. सारा किल्लाच जमिनीत बसवला. त्या वाटेवरचा मधला मुक्काम म्हणजे ला मोता. इथे दोन युगं एकमेकांत बसली आहेत: आत शिड्यांच्या काळाचा उंच मनोरा, बाहेर तोफांच्या काळाचा परकोट.

तट गोल फिरून चारी दिशांना तोंड करतो, अर्थातच गावाकडेही. १४७३ नंतर अवघ्या सहा वर्षांनी हे काम निघालं. राणीला पोर्तुगालची भीती होती हे खरं. पण ज्या किल्ल्याला शेवटचा वेढा गावकऱ्यांनी घातला होता, तिथे गावाकडच्या जंग्या निव्वळ योगायोगाने ठेवल्या असतील असं मला वाटत नाही.

वीट कोणाची

किल्ला विटांचा का? पहिलं कारण साधं: या मैदानात बांधकामाचा दगड नाही, चिकणमाती मुबलक आहे. भट्टी लावायची, वीट पाडायची. भिंतीचं पोट चुना-गोट्यांच्या भरावाचं, तोंडाला वीट, आणि विटांमधले सांधे चांगले रुंद. तोफेच्या काळात विटेचा एक गुण आणखी उपयोगी पडला. दगडी भिंत गोळ्याने तडकते, चिरा पुढे पळतात. विटेच्या भिंतीत गोळा रुतून बसतो.

दुसरं कारण माणसांचं. कास्तियात विटेचं कसब मुदेहारांकडे होतं. मुदेहार म्हणजे ख्रिस्ती राज्यात आपला धर्म सांभाळून राहणारे मुसलमान. गवंडी, सुतार, गिलावेकरी म्हणून त्यांना तोड नव्हती. नव्या तटाच्या कामाचा कारभारी आलोन्सो निएतो होता. हात होते उस्ताद अब्दाला आणि अली दे लेर्मा यांचे. ही दोन नावं टिकून राहिली हे आपलं भाग्य. मध्ययुगातल्या किती किल्ल्यांच्या गवंड्यांची नावं आपल्याला सांगता येतात?

तट पूर्ण झाला, प्रवेशद्वारावर राजा-राणीचं राजचिन्ह बसवलं. त्यानंतर वीस वर्षंही झाली नाहीत तोच, १५०२ मध्ये, इसाबेलच्या राज्यात मुसलमानांपुढे फर्मान आलं: बाप्तिस्मा घ्या, नाहीतर देश सोडा. अब्दाला आणि अली यांच्या घरच्यांनी काय केलं असेल, हा विचार त्या राजचिन्हाकडे पाहताना मनातून जात नाही. ज्या हातांनी राणीचा किल्ला उभा केला, त्या हातांना आपल्या नावाने तिथे राहायची सोय उरली नाही.

मोठ्या मनोऱ्याच्या भिंतींवर आज असंख्य भोकं दिसतात. तोफगोळ्यांचे व्रण म्हणून ती दाखवली जातात, पण नीट पाहिलं तर ती ओळीने, सारख्या अंतरावर आहेत. बांधताना परांचीचे वासे ज्यांत खोचले, ती ही भोकं. काम झाल्यावर बुजवायची राहिली किंवा बुजवलेली गळून गेली. लढाईच्या खुणा म्हणून दाखवलं जातं ते गवंड्यांच्या पायाखालच्या फळ्यांचं माप आहे. मला तर ते जास्त मोलाचं वाटतं.

कैदखाना

सोळाव्या शतकात ला मोतावर मोठी लढाई आली नाही. तो राजाचा तुरुंग आणि तोफांचं ठाणं बनला.

सगळ्यात गाजलेला कैदी चेझारे बोर्जिया. पोप सहावा अलेक्झांडर याचा मुलगा. बाप मेल्यावर त्याची सत्ता कोसळली. १५०४ मध्ये नेपल्सला त्याला पकडून स्पेनला आणलं, आधी चिंचिया इथे आणि मग ला मोताच्या मनोऱ्यात ठेवलं. २५ ऑक्टोबर १५०६ च्या रात्री तो दोराने खिडकीतून खाली उतरला, खाली पडून जखमी झाला, तरी निसटला आणि नाबाराच्या राजाकडे, आपल्या मेहुण्याकडे पोचला. १२ मार्च १५०७ ला नाबारातल्या वियाना इथे एका चकमकीत तो मारला गेला. उंच मनोरा माणसाला कोंडायला तरी कामाचा होता, तोही पूर्ण नाही.

इथे एक उपकथा, आपल्याशी धागा असलेली. याच चेझारेच्या बापाने १४९३ मध्ये समुद्रापलीकडच्या नव्या जगाची वाटणी करणारी फर्मानं काढली, आणि त्यावर घासाघीस होऊन ७ जून १४९४ ला स्पेन-पोर्तुगालचा जो तह झाला तो तोर्देसियासला, मेदिनापासून साधारण २५ किलोमीटरवर. त्या रेषेने पूर्वेची वाट पोर्तुगिजांसाठी मोकळी ठेवली. १५१० मध्ये गोव्यात जे आले ते पोर्तुगीज होते, स्पॅनिश नव्हते, याचं एक कारण या मैदानातल्या त्या गावात आहे.

चेझारेचे दिवस थरारक म्हणून लिहिले जातात. मला दुसऱ्या कैद्याची कोठडी जास्त अस्वस्थ करते. एर्नांदो पिसारो, पेरू लुटणाऱ्या पिसारो भावांपैकी एक. आपलाच जुना जोडीदार दिएगो दे आल्माग्रो याला १५३८ मध्ये मृत्युदंड दिल्याबद्दल स्पेनला परतल्यावर तो पकडला गेला आणि १५६१ पर्यंत कैदेत राहिला. त्यातली बहुतेक वर्षं ला मोतात. कैद श्रीमंताची होती: नोकरचाकर, दालनं, कारभार चालू. १५५२ मध्ये तिथेच त्याने आपल्या सावत्र भावाच्या मुलीशी, म्हणजे पुतणीशी, लग्न केलं. फ्रान्सिस्का पिसारो युपांकी, फ्रान्सिस्को पिसारो आणि इंका राजघराण्यातल्या इनेस यांची मुलगी. लग्नाच्या वेळी ती सतरा-अठराची, तो पन्नाशीच्या आसपासचा. लिमामध्ये वाढलेली ती मुलगी महासागर ओलांडून आली आणि कास्तियातल्या विटांच्या किल्ल्यात, कैदी काकाची बायको म्हणून, नऊ वर्षं राहिली. तिथे तिला मुलं झाली. पेरूतल्या तिच्या वारशाची मिळकत त्या घरात येत राहिली. पुस्तकांत कैदी म्हणून एर्नांदोचं नाव येतं. त्या भिंतींत खरी कैद कोणाची होती, हे वाचणाऱ्याने ठरवावं.

१५२०

आता पुन्हा गाव आणि किल्ला. १५२० मध्ये तरुण राजा पहिला कार्लोस (हुआनाचाच मुलगा) कर गोळा करून जर्मनीकडे निघून गेला आणि कास्तियाची शहरं पेटली. कोमुनेरोंचं हे बंड. सेगोविया आघाडीवर. तिला धडा शिकवायला तोफा हव्या होत्या, आणि राजाच्या तोफा मेदिनाला होत्या. त्या आणायला सेनापती आला आंतोनियो दे फोन्सेका.

होय, फोन्सेका. ज्या आर्चबिशपच्या घराण्याकडून १४७३ नंतर गावाने किल्ला सोडवला, त्याचा पुतण्या. १५०३ मध्ये हुआनाला अडवणाऱ्या बिशपचा सख्खा भाऊ. सत्तेचाळीस वर्षांत तीन फोन्सेका आणि तीन वेळा मेदिना.

गावकऱ्यांनी तोफा द्यायला नकार दिला. शेजारच्या शहरावर चालवायच्या तोफा आम्ही देणार नाही. त्यांनी तोफा रस्त्यांच्या तोंडांवर आणून उभ्या केल्या. २१ ऑगस्टला चकमक झाली, फोन्सेकाच्या माणसांनी लोक पांगावेत म्हणून आग लावली. ऐन उन्हाळ्यात आग पसरली. सान फ्रान्सिस्कोचा मठ जळाला, आणि त्यात बाजारासाठी ठेवलेला व्यापाऱ्यांचा माल होता. बाजारगावाची तिजोरीच ती. घरं, गोदामं जळत असतानाही लोकांनी तोफा सोडल्या नाहीत. फोन्सेका रिकाम्या हाताने परतला, आणि आतापर्यंत काठावर असलेली कितीतरी शहरं मेदिनाची राख पाहून बंडात उतरली.

पाडायला निघालेलं गाव, त्यानंतर बांधलेला तट, आणि शेवटी जळालेलं गाव. १४७३, १४७९, १५२०. या तीन सालांमध्ये ला मोताचं मूळ प्रकरण पूर्ण होतं. परकोटाच्या जंग्यांतून कोणत्याही मोठ्या शत्रूसैन्यावर मारा झाला नाही. गावाचं सर्वात मोठं नुकसान केलं ते स्वतःच्याच राजाच्या सेनापतीने.

जे दिसतं ते कधीचं?

किल्ला पाहताना दोन गैरसमज बाजूला ठेवावे लागतात. पहिला असा की इसाबेल राणी इथे वारली. ती वारली मेदिनातच, २६ नोव्हेंबर १५०४ ला, पण खाली गावात, मोठ्या चौकातल्या राजवाड्यात. तिथेच तिने आपलं मृत्युपत्र केलं आणि मरणाआधी तीन दिवस त्याला पुरवणी जोडली. त्या पुरवणीत समुद्रापलीकडच्या मूळ रहिवाशांना नीट वागवावं असंही लिहिलं आहे. हा वाडा साधा होता. बाजाराच्या गजबजाटात, दुकानांच्या शेजारी. किल्ला इतका उठून दिसतो की त्याने राणीचं मरणही आपल्याकडे ओढून घेतलं.

दुसरा गैरसमज जास्त खोल आहे. आत गेल्यावर जे दालन, जिने, अंगण नीटनेटकं दिसतं ते सारं पंधराव्या शतकाचं वाटतं. ते तसं नाही. बाजार ओसरला, राजदरबार दूर गेला, आणि किल्ला शतकानुशतकं पडत राहिला. १९०४ मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला तेव्हा आतला बराच भाग मोडकळीला आलेला होता. मोठी डागडुजी झाली ती यादवी युद्ध संपल्यावर, १९३९ ते १९४२ मध्ये. हुकूमशहा फ्रँकोने हा किल्ला फालांखे या आपल्या राजवटीच्या फासिस्ट पक्षाच्या महिला शाखेला दिला. तिची प्रमुख पिलार प्रिमो दे रिवेरा. देशभरातून निवडलेल्या कार्यकर्त्या मुलींना ‘आदर्श स्त्री’ घडवण्याचं प्रशिक्षण इथे मिळू लागलं, आणि आदर्श म्हणून इसाबेल समोर ठेवली गेली. वास्तुविशारद फ्रान्सिस्को इन्यिगेस आल्मेक याने किल्ला त्या शाळेसाठी वसतियोग्य केला: राहायच्या खोल्या, अंगणाभोवतीचे भाग, छपरं. जिथे जुनं उरलं नव्हतं तिथे जुन्या धाटणीत नवं बांधलं.

त्या कामाबद्दल माझं मत सरळ आहे. त्यामुळे किल्ला वाचला, हे मान्य करायला हवं. बाहेरचा परकोट आणि मोठा मनोरा आज इतके भक्कम उभे आहेत त्यात त्या कामाचा वाटा आहे. पण आतल्या भागात जुनं आणि नवं यांतली सीमा पुसली गेली, आणि पाहणाऱ्याला त्या पुसलेपणाची कल्पना दिली गेली नाही. एका राजवटीला जशी राणी हवी होती तसा तिचा किल्ला सजला. सहलीला आलेला माणूस जे दालन पाहून ‘इथे राणी वावरली’ म्हणून हळवा होतो, ते १९४० च्या दशकातलं असू शकतं. आणि जी करडी भिंत पाहून तो ‘ही अजून दुरुस्त केली नाही वाटतं’ म्हणत पुढे जातो, ती आठशे वर्षांची असते.

महिला शाखा १९७७ मध्ये बरखास्त झाली. आता किल्ला कास्तिया-लेओनच्या प्रादेशिक सरकारकडे आहे, लोकांसाठी उघडा आहे आणि मनोऱ्यावरही जाता येतं.

जाणाऱ्याने आत शिरण्याआधी एक फेरी खंदकाच्या कडेने, बाहेरून घालावी. पूल आणि राजचिन्ह मागे टाकून चालत राहिलं की सुरुवातीला सगळी वीटच वीट दिसते: परकोटाची फुगीर पायरी, दगडी चौकटीच्या जंग्या, त्यामागे आतला उंच तट, त्यावर मनोरा. मग एका बाजूला वीट संपते आणि गोटे-चुन्याची ती जुनी भिंत सुरू होते. साच्याच्या फळ्यांच्या आडव्या रेघा तिच्यावर अजून ओळखू येतात. टेकाडावर राहणाऱ्या लोकांनी ती स्वतःसाठी घातली होती, किल्ल्याचा विचारही कोणाच्या मनात नव्हता तेव्हा.